ब्रिटनमधली व्यावसायिक कुस्ती : खरं, खोटं आणि सोंग



मागच्या वेळी आपण सोंग आणि ढोंग या दोन शब्दांत अडकलो होतो. दशावतारात रात्री राजा होणारा माणूस सोंग घेतो. ते सोंग आहे हे त्यालाही ठाऊक असतं आणि समोर बसलेल्यांनाही. ढोंगाचं तसं नाही. ते आपल्याला कळू नये, यावरच ढोंग्याचं सगळं चालतं. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं, "सर, मग ती टीव्हीवरची कुस्ती कुठल्या खान्यात टाकायची?" लोक हसले. पण आम्हाला तो प्रश्न घरी गेल्यावरही सोडेना. म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

उदाहरण ब्रिटनचं घेऊ. अमेरिकेतली कुस्ती तुम्ही पाहिलेली असते, पण ब्रिटनमध्ये खऱ्या कुस्तीपासून ठरवून खेळलेल्या कुस्तीपर्यंतचा रस्ता जास्त स्पष्ट दिसतो. शिवाय त्या रस्त्याच्या सुरुवातीलाच आपल्याकडचा एक पहिलवान उभा आहे.

त्याआधी एक आठवण सांगतो. आमच्या लहानपणी मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांच्या कुस्त्या व्हायच्या. त्याला आपण 'फ्री स्टाईल' म्हणायचो. ऑलिंपिकमधल्या फ्री स्टाईलशी त्याचा फारसा संबंध नव्हता, पण मराठीत हा शब्द दोन्हीकडे चालतो. आमचे काका साताऱ्याकडच्या तालमीत वाढलेले. त्यांनी आम्हाला एकदा तिथे नेलं. पहिल्या दोन कुस्त्या त्यांनी नाक मुरडून पाहिल्या. "नुरा आहे रे हे सगळं," म्हणाले. पुढे दारासिंगांनी त्या अवाढव्य किंगकाँगला उचललं, तेव्हा स्टेडियममध्ये सगळ्यांत आधी उभं राहून ओरडणारा माणूस आमचे काकाच होते! नुरा आहे हे माहीत असलेला माणूस ओरडतो कसा? आज खरं तर एवढंच कोडं सोडवायचं आहे.

आता इंग्लंडकडे जाऊ. तिथे लोककुस्तीचे प्रकार जुनेच होते. कॉर्नवॉलची वेगळी, उत्तरेकडच्या कंबरलँड-वेस्टमोरलँडची वेगळी, आणि लँकेशरची 'कॅच-ॲज-कॅच-कॅन', म्हणजे हाताला लागेल तिथे पकडा. पण कुस्तीवर पोट भरणारे, शहराशहरांतून फिरणारे मल्ल पुढे आले ते म्युझिक हॉलमुळे. म्युझिक हॉल म्हणजे गाणी, नकला, जादू, कसरती यांचा मिश्र कार्यक्रम. त्यात एक पहिलवान बसवला की झालं.

या काळातला सगळ्यांत मोठा मल्ल जॉर्ज हॅकनश्मिट. मूळचा आजच्या एस्टोनियातला, 'रशियन सिंह' म्हणून गाजलेला. ३० जानेवारी १९०४ रोजी लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात त्याची तुर्की मल्ल अहमद मद्रालीशी कुस्ती झाली. ती बघायला एवढे लोक लोटले की आसपासचे रस्ते तुंबले. आणि कुस्ती? हॅकनश्मिटने मद्रालीला उचलून आपटलं, मद्रालीचा हात जायबंदी झाला, मिनिटभरात खेळ संपला. म्हणजे तासन् तास रांगेत उभं राहायचं आणि बघायला मिळायचं मिनिटभर. हॅकनश्मिटचा व्यवस्थापक सी. बी. कॉक्रन, पुढे नाट्यनिर्माता म्हणून नावाजलेला. त्याच्या हे केव्हाच ध्यानात आलं होतं. तो हॅकनश्मिटला सांगायचा, समोरचा कच्चा असेल तरी जरा खेळव त्याला, लोकांनी पैसे मोजले आहेत.

(जाता जाता सांगतो, हा हॅकनश्मिट उतारवयात आमच्या वाटेला आला. तत्त्वज्ञानावर त्याने पुस्तकं लिहिली आणि १९६८ मध्ये लंडनमध्येच वारला. पहिलवानाने तत्त्वज्ञ व्हावं याचं आम्हाला कौतुक आहे. उलटा प्रवास आम्हाला काही जमला नसता.)

दुसरी अडचण याच्या बरोबर उलटी, आणि ती आपल्या गामाच्या निमित्ताने दिसली. १९१० मध्ये गामा पहिलवान, त्याचा भाऊ इमाम बक्ष आणि इतर काही मल्ल लंडनला गेले. गामाची उंची कमी म्हणून स्पर्धेत घेईनात. त्याने उघड आव्हान दिलं, अमेरिकेच्या डॉ. रोलरला दोनदा पाडलं, तेव्हा कुठे दार उघडलं. १० सप्टेंबर १९१० ला शेफर्ड्स बुश इथल्या स्टेडियममध्ये पोलंडच्या स्टॅनिस्लाउस झबिस्कोशी त्याची गाठ पडली. गामाने पहिल्याच झटक्यात त्याला खाली घेतला. मग झबिस्को जो पोटावर पालथा पडला, तो अडीच तासांहून जास्त वेळ बहुतांशी तसाच. पालथ्या माणसाची पाठ जमिनीला लागत नाही, म्हणून तो हरत नाही. कुस्ती अनिर्णित राहिली. पुढच्या शनिवारी निकाल लागायचा होता, तर झबिस्को आलाच नाही, आणि 'जॉन बुल' पट्टा गामाला मिळाला. १९२८ मध्ये पतियाळाला दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामाने मिनिटाच्या आत हिशेब पुरा केला, तो भाग वेगळा.

झबिस्कोने त्या दिवशी फसवणूक केली का? मुळीच नाही. त्याचं वागणं अगदी प्रामाणिक होतं. हरायचं नाही, म्हणून पडून राहिला. खरी कुस्ती कधी मिनिटात संपते, कधी अडीच तास हलत नाही. प्रेक्षकाचं मन राखायला ती बांधलेली नसते. ज्याला दर आठवड्याला तिकिटं विकायची आहेत त्याने काय करावं?

१९३० च्या डिसेंबरमध्ये याला एक उत्तर निघालं : 'ऑल-इन' कुस्ती. सर ॲथॉल ओकली नावाचा चक्क सरदारघराण्यातला मल्ल आणि बर्ट असिराती ही त्यातली ठळक नावं. काही दिवस गर्दी झाली. मग तोच तोचपणा टाळायला मारामारी वाढली, खुर्च्या आल्या, चिखलातल्या कुस्त्या आल्या. दशकाच्या अखेरीस लंडन काउंटी कौन्सिलने बंदी घातली.

आणि मग युद्धानंतर एक गंमत झाली, जी तत्त्वज्ञानाच्या माणसाला फार आवडावी. १९४७ च्या सुमारास कुस्तीचे नियम ठरवायला एक समिती बसली. अध्यक्ष ॲडमिरल लॉर्ड माउंटइव्हान्स, कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतला उपनेता. सोबत मॉरिस वेब हे खासदार, नॉर्मन मॉरेल हा ऑलिंपिकमध्ये उतरलेला मल्ल, आणि बीबीसीच्या 'ब्रेन्स ट्रस्ट' कार्यक्रमातले कमांडर कँपबेल. ज्या कार्यक्रमात तत्त्वज्ञ जोड बसायचे, तोच कार्यक्रम. या मंडळींनी गंभीरपणे नियम लिहिले. सात वजनगट, फेऱ्या, तीनपैकी दोन चीत, दहा आकडे मोजेपर्यंत न उठल्यास पराभव, खाली पडलेल्यावर हल्ला नाही, नियम मोडला तर जाहीर ताकीद.

आता बघा, निकाल आधी ठरलेला असेल तर नियम कशाला? आम्ही यावर बराच विचार केला. आमचं मत असं की निकाल ठरलेला होता म्हणूनच नियम जास्त लागले. खऱ्या लढतीत नियम मल्लांना आवरतात. इथे ते प्रेक्षकासाठी होते. मोडायला काहीतरी असल्याशिवाय खलनायक उभा राहत नाही. पंचाची पाठ वळली की केस ओढणारा, ताकीद मिळाली की भोळा चेहरा करणारा मल्ल आणि ओरडून पंचाला सांगणारी शेकडो माणसं, हे सगळं त्या नियमांवर उभं राहिलं. १९५२ मध्ये मोठ्या आयोजकांनी 'जॉइंट प्रमोशन्स' नावाने एकी केली, गावं वाटून घेतली, आणि धंदा बसला.

पण याच्या खाली एक खरा पाया होता, तो विसरायचा नाही. लँकेशरमधल्या विगन या कोळसाखाणींच्या गावात बिली रायलीची तालीम होती. तालीमच म्हणायची, दुसरा शब्द नाही. एक साधी शेड, खाणीत राबणारी पोरं, आणि कडक वस्ताद. पुढे तिला 'स्नेक पिट', सापांचा खड्डा, असं नाव पडलं. तिथे जे शिकवत ते पूर्ण खरं होतं : सांधा कसा पिळायचा, मानेत कसा आवळायचा. बिली रॉबिन्सन, कार्ल गॉच हे तिथून निघाले आणि पुढे जपानपर्यंत पोचले. असे मल्ल ठरवलेल्या कुस्तीत उतरायचे तेव्हा प्रत्येक पेचाला वजन असायचं. ठरलेलं ऐकायचं नाही असं समोरच्याच्या मनात आलं तर त्याचं काय होईल, हे त्यालाही माहीत असायचं.

९ नोव्हेंबर १९५५ रोजी, नुकत्याच सुरू झालेल्या आयटीव्हीवर वेस्ट हॅम बाथ्समधून पहिलं प्रक्षेपण झालं. १९६५ पासून शनिवारच्या 'वर्ल्ड ऑफ स्पोर्ट'मध्ये दुपारी चारची वेळ कुस्तीची, फुटबॉलचे निकाल येईपर्यंत. समालोचक केंट वॉल्टन पहिल्यापासून अखेरपर्यंत. मिक मॅकमॅनस हा त्या काळचा खलनायक : काळेभोर रंगवलेले केस, काळी चड्डी, आणि कुणी कानाला हात लावला की कांगावा. १९६३ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्याच्या दिवशी त्याची आणि जॅकी पॅलोची कुस्ती दाखवली, तेव्हा फुटबॉलइतकीच तिची चर्चा. लेस केलेट हा विनोदी मल्ल. दमून कोसळतोय असं वाटेपर्यंत झोकांड्या खायचा, आणि समोरचा गाफील झाला की पाडायचा. मुळात तो लोखंडासारखा कठीण माणूस. कडेला बसलेल्या आजीबाई खलनायकाला पर्सने बडवायच्या, टोचायच्या.

त्या आजीबाई मूर्ख होत्या का? रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकाने १९५७ च्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात पॅरिसमधल्या अशाच कुस्तीवर लिहिलं आहे. त्याचं म्हणणं, प्रेक्षकाला खरं-खोटं याच्याशी देणंघेणंच नसतं. त्याला वेदना, अन्याय, शिक्षा हे सगळं डोळ्यांसमोर स्पष्ट हवं असतं. आम्हाला हे अर्धं पटतं. विश्वास नसला तरी चालतं, हे बरोबर. पण शंका लागते. 'हे ठरलेलं असेल, पण हा दणका मात्र खरा होता' एवढी फट लागते. आमचे काका त्या फटीतून ओरडले होते.

ही फट बुजली ती १९७५ नंतर. जॉइंट प्रमोशन्सची सूत्रं मॅक्स क्रॅबट्रीकडे आली आणि त्याने आपला भाऊ शर्ली याला 'बिग डॅडी' म्हणून पुढे केलं. दीडशे किलोंहून भारी, पन्नाशीकडे झुकलेला, चकचकीत कपड्यांतला. त्याचा पहिला पोशाख बायकोने सोफ्याच्या कापडातून शिवला होता म्हणतात. मुलं त्याच्यावर जीव टाकायची, हे नाकारू नये. पण पेच टाकणं त्याला झेपत नव्हतं. मग जोडीची कुस्ती ठेवायची. तरुण, चपळ जोडीदाराने मार खायचा, शेवटी डॅडीने आत येऊन पोटाने धडक द्यायची, समोरच्याने पडायचं. दर वेळी हेच. १९८१ मध्ये वेंब्ली अरीनात जायंट हेस्टॅक्सशी झालेली त्याची गाजलेली लढतही काही मिनिटांत आटोपली. डॅडी हरणार नाही हे पाच वर्षांच्या पोरालाही कळत होतं. डायनामाइट किड, डेव्ही बॉय स्मिथ यांच्यासारखी गुणी पोरं कॅनडाची वाट धरून गेली. १९९२ मध्ये तोच स्मिथ अमेरिकन कंपनीच्या कार्यक्रमात वेंब्ली स्टेडियमवर परतला आणि जिंकला.

आणि आता जे सांगायचं ते जड आहे. २३ ऑगस्ट १९८७. ग्रेट यारमथचं हिप्पोड्रोम, समुद्रकाठचं सुट्टीचं गाव. मॅल 'किंग काँग' कर्क, यॉर्कशरचा एके काळचा खाणकामगार, वय ५१, नेहमीप्रमाणे डॅडीच्या अंगाखाली आला. तो उठला नाही. त्याला हृदयाचा गंभीर विकार होता असं पुढे निष्पन्न झालं, आणि डॅडीवर दोष आला नाही. पण आम्ही विचार करतो तो वेगळ्या गोष्टीचा. ज्या खेळात पडणं हेच काम, कण्हणं हेच काम, तिथे माणूस खरोखर पडला तर समोरच्याला कळायचं कसं? रंगभूमीवर नट कोसळला तर संवाद तुटतो, सहनटांना कळतं. इथे कोसळणं हाच ठरलेला शेवट होता. सोंग आणि मरण दिसायला एकसारखं. सोंगाची किंमत शरीर मोजतं, आणि ती आपण तिकिटाच्या पैशात धरत नाही. आम्हीही कधी धरली नव्हती.

डिसेंबर १९८८ मध्ये आयटीव्हीवरची कुस्ती बंद झाली.

पुष्कळदा म्हणतात की लोकांना खोटेपणा कळला म्हणून ती संपली. हे आम्हाला मान्य नाही. जॅकी पॅलोने १९८५ मध्ये आत्मचरित्रात आतली गुपितं फोडली. सहकारी त्याच्यावर रागावले, प्रेक्षक फारसे चकित झाले नाहीत. आणि केंडो नागासाकीचं पाहा. जपानी योद्ध्याचा मुखवटा घालणारा, तोंडातून शब्द न काढणारा हा इंग्लिश मल्ल. डिसेंबर १९७७ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनच्या सिव्हिक हॉलमध्ये त्याने विधिपूर्वक, टीव्हीच्या साक्षीने, मुखवटा उतरवला. चेहरा साऱ्या देशाने पाहिला. १९८० च्या दशकात तो पुन्हा रिंगणात आला तो मुखवटा चढवूनच, आणि लोकांनी पुन्हा त्याला केंडो नागासाकी म्हणूनच पाहिलं. पुढे पीटर ब्लेक या मोठ्या चित्रकाराने त्याचं चित्र काढलं, तेही मुखवट्यासकट.

बरं, आता प्रश्न घेऊ. मागे कुणीतरी मघापासून हात वर करून बसलंय.