पायथन अडकलंय? बंद करण्याआधी हे तपासा

कमांड दिली, एंटर मारला आणि कर्सर नुसता लुकलुकतोय. अशा वेळी बरेच जण सरळ टर्मिनल बंद करून प्रोग्राम पुन्हा चालवतात. पण ‘अडकलं’ म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात: इंटरप्रिटर तुमची वाट बघतोय, बाहेरच्या कशाची तरी वाट बघतोय, किंवा खरंच गणित करतोय. तिसऱ्या प्रकारात बंद केलंत तर चालू सिम्युलेशन वाया. दुसऱ्या प्रकारात बंद नाही केलंत तर अख्खी रात्र वाया.

१. तो तुमची वाट बघतोय का?
प्रॉम्प्टवर तीन टिंबं दिसत असतील तर कुठलातरी कंस किंवा अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलंय. लिनक्सवर चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलं की स्क्रीन गोठते, कंट्रोल-क्यू दाबा. विंडोजवर गिट बॅशमध्ये पायथन सुरू केलं आणि काहीच दिसत नसेल, तर पायथनला आपण टर्मिनलमध्ये आहोत हे कळलेलं नसतं. कमांडच्या आधी ‘विनपीटीवाय’ लावून बघा.

२. सीपीयू काय सांगतो?
दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘टॉप’ चालवा. पायथनचा आकडा 100 च्या आसपास किंवा त्याहून जास्त असेल तर काम चालू आहे (किंवा न संपणारा लूप!). 0 च्या जवळ असेल तर तो नेटवर्क, डिस्क किंवा लॉकसाठी थांबलाय. स्थितीच्या रकान्यात ‘डी’ अक्षर टिकून असेल तर बहुधा डिस्क किंवा नेटवर्कवरची फाइल सिस्टिम उत्तर देत नाहीये; तिथे किल करूनही प्रोसेस लगेच मरत नाही.

लॉग फाइल रिकामी आहे म्हणून घाबरू नका. आउटपुट फाइलमध्ये वळवलं की पायथन ते आधी बफरमध्ये साठवतो. ‘पायथन’नंतर डॅश आणि लहान ‘यू’ लिहिलंत तर ओळी लगेच दिसतात.

३. नेमका कुठे अडकलाय?
कंट्रोल-सी दाबल्यावर येणारा ट्रेसबॅक पुसून टाकू नका. प्रोग्राम त्या क्षणी कुठल्या ओळीवर होता, ते त्यात शेवटी दिसतं. नमपायसारख्या लायब्ररीच्या सी कोडमध्ये असेल तर कंट्रोल-सीचा परिणाम उशिरा होतो. प्रोग्राम मारायचा नसेल तर ‘पाय-स्पाय’ हे टूल बसवा. त्याची ‘डंप’ कमांड चालू प्रोसेस न मारता तीच माहिती देते.

४. पहिली ओळच चालत नसेल तर?
वेगळ्या, रिकाम्या फोल्डरमधून पायथन सुरू करा. तिथे चाललं तर तुमच्या फोल्डरमध्ये ‘रँडम’सारख्या मूळ मॉड्यूलच्या नावाची फाइल आहे का बघा, पायथन आधी तीच उचलतो. तरीही अडकत असेल तर डॅश आणि लहान ‘व्ही’ लावून चालवा. इम्पोर्टची यादी जिथे थांबते, तिथून शोध सुरू करा.

सीनियरकडे जाताना ‘चालत नाहीये’ एवढंच सांगू नका. सीपीयूचा आकडा, प्रोसेसची स्थिती आणि ट्रेसबॅकची शेवटची ओळ सोबत न्या. निम्मं उत्तर बहुतेक वेळा त्यातच असतं.