राखाडी थराची राखण

मिनेसोटा हे अमेरिकेतलं तळ्यांचं राज्य. दहा एकरांहून मोठी तळीच तिथे ११,८४२ आहेत. तळ्याकाठच्या घरांच्या परसात, एखाद्या शेडच्या आडोशाला, ॲल्युमिनियमची जुनी मासेमारीची होडी पडलेली दिसणं हे तिथलं नेहमीचं दृश्य. चौदा फूट लांबीची, आडव्या बाकांची, रिव्हेट मारून जोडलेली. तळाशी पाइनच्या सुया आणि कुजलेल्या पानांचा चिखल, कधीकाळी अंथरलेल्या गालिच्याच्या चिंध्या, रंगाचे सुटलेले पोपडे, आणि अंगभर मळकट राखाडी कळा. ती कळा बघूनच बरेच जण होडी मोडीत काढायला निघतात. गंजली, म्हणतात.

गंजलेली ती असतेच, पण त्या गंजानेच तिला इतकी वर्षं तगवलेलं असतं. ॲल्युमिनियमचा कोरा पृष्ठभाग उघडा पडला की हवेतला ऑक्सिजन क्षणात त्याला भिडतो आणि ऑक्साइडचा थर तयार होतो. जाडी दोन ते चार नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम वीस हजारावा भाग! लोखंडाच्या गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडला मूळ धातूपेक्षा किंचितच जास्त जागा लागते, त्यामुळे तो घट्ट चिकटून बसतो. होडी खडकाला घासली, ओरखडा पडला, तरी डोळ्याची पापणी लवेपर्यंत जखम बुजलेली असते. आपल्याला दिसणारी राखाडी कळा म्हणजे पाण्यापावसात वर्षानुवर्षं जाड होत गेलेला हाच थर. धातूने स्वतःच्या अंगातून स्वतःचं चिलखत घडवावं आणि त्यासाठी त्याला फक्त हवा पुरावी, याचं मला आजही नवल वाटतं.

मग अशी होडी बिघडते कुठे? जिथे ओल टिकते आणि हवा पोचत नाही तिथे. गालिच्याखाली, पानांच्या चिखलाखाली, बाकांच्या पोटात भरलेल्या फोमने पाणी शोषून घेतलं असेल तर त्याच्याखाली. तिथे तुटलेला थर पुन्हा धरत नाही, त्यात खारेपणा असला तर धातू टिंबाटिंबांनी खाल्ला जातो. ॲल्युमिनियमच्या डब्यात मीठ ठेवलं की बुडाला पांढरी पूड साठते आणि ती पुसली की खाली बारीक खड्डे दिसतात, अगदी तसंच. म्हणून साफसफाईची सुरुवात उपसण्यापासून होते. गालिचा, ओला फोम, चिखल सगळं बाहेर काढायचं आणि होडी कडकडीत वाळू द्यायची. अर्धं काम इथेच होतं, असं माझं ठाम मत आहे.

घासायला साधा साबण आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. लोखंडी तारेचा ब्रश नको. त्याचे कण धातूत रुततात आणि पुढे तिथेच गंजतात. कॉस्टिक सोडा तर अजिबात नको. ऑक्साइडचा थर साधारण ४ ते ८.५ पीएचमध्येच टिकतो. कॉस्टिकमध्ये तो विरघळतो आणि उघड्या धातूतून हायड्रोजनचे बुडबुडे उसळायला लागतात.

पुढचं काम गळती शोधण्याचं, आणि त्याची पद्धत फार सुंदर आहे: होडी नीट टेकू देऊन ठेवायची आणि पाणी बाहेर नाही, आत भरायचं. काही इंच पुरे, नाहीतर वजनानेच तळ वाकेल. मग खाली वाकून बघायचं. सैल रिव्हेटच्या डोक्याभोवती आधी ओलसर कडं उमटतं, मग थेंब धरतो. त्या रिव्हेटवर खूण करायची ती मेणाच्या खडूने. विमानांच्या कारखान्यात ॲल्युमिनियमवर शिसपेन्सिलने खूण करायला बंदी असते, कारण पेन्सिलीतलं ग्रॅफाइट ओल मिळताच भोवतीचा धातू पोखरायला लागतं. एवढीशी रेघ, पण पुरेशी! खुणा झाल्या की दोघांनी मिळून काम करायचं. एकाने एका बाजूने पोलादी ठोकळा घट्ट दाबून धरायचा, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने हातोडीने रिव्हेट पुन्हा बसवायचा.

हे तंत्र आलंच विमानांतून. न्यूयॉर्कजवळच्या बेथपेजमध्ये ग्रुमन कंपनी दुसऱ्या महायुद्धात हेलकॅट लढाऊ विमानं बनवत होती. तिचे एक अधिकारी विल्यम हॉफमन १९४४ मध्ये ॲडिरॉन्डॅक डोंगरात सहलीला गेले असताना लाकूड आणि कॅनव्हासची जड कनू खांद्यावरून वाहून थकले. विमानाच्या पत्र्याची का करू नये, असं त्यांच्या मनात आलं, आणि १९४५ पासून ग्रुमनच्या ॲल्युमिनियमच्या कनू बाजारात यायला लागल्या.

शेवटचं काम इंजिनाच्या फळीचं, आणि तेच सगळ्यात नाजूक, कारण इथे दुसरा धातू आणि लाकूड येतं. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की वीजघट तयार होतो आणि त्यात बहुतेकदा बळी जातो तो ॲल्युमिनियमचा. १८९५ मध्ये नॅथॅनिएल हेरेशॉफ यांनी अमेरिका कपसाठी ‘डिफेंडर’ ही शिडाची नौका बांधली. पाण्याखाली ब्राँझ, वर ॲल्युमिनियम, आतला सांगाडा पोलादाचा. शर्यत तिने जिंकली, पण समुद्राच्या पाण्याने ती झपाट्याने खाल्ली आणि १९०१ मध्ये तिला मोडावं लागलं.

मिनेसोटातल्या होडीत अशी दोन धातूंची जोडी नकळत जमते. इंजिन जिथे अडकवतात त्या मागच्या उभ्या फळीतलं प्लायवूड कुजतं आणि नवं बसवताना लोक कीड लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड आणतात. त्या औषधात तांबं असतं, आणि अमेरिकेत २००४ पासून घरगुती लाकडात आर्सेनिक बंद झाल्यावर तांब्याचं प्रमाण आणखी वाढलं. ओल लागली की ते तांबं पत्र्यावर उतरतं. म्हणून साधं मरीन प्लायवूड घ्यावं, त्याच्या कडा इपॉक्सीने बंद कराव्यात, आणि स्टेनलेसच्या बोल्टखाली नायलॉनचा वॉशर घालावा. तळाला तांबं असलेला रंग कधीच लावू नये. दुसरा कुठला रंग द्यायचाच असेल तर धातू घासल्याबरोबर एच (etch) प्रायमर मारावा, कारण ऑक्साइडचा थर पुन्हा धरायला तयारच बसलेला असतो. गोड्या पाण्यातल्या होडीला मात्र रंग दिला नाही तरी चालतं.