दही, फळं आणि पाण्याचा हिशेब

काचेच्या ग्लासात तळाशी फळं, त्यावर घट्ट दही, वर काहीतरी कुरकुरीत आणि पुन्हा तोच क्रम, असा थरांचा नाश्ता आता मराठी घरांतही होऊ लागला आहे. तो फोटोत देखणा दिसतो, पण खायला बसेपर्यंत बऱ्याचदा त्याची रया गेलेली असते. तळाशी फिकट गुलाबी पाणी साचतं, कुरकुरीत म्हणून घातलेलं सगळं सादळतं आणि दह्याचा आंबटपणा झाकायला वरून मधाची धार धरावी लागते. मग दोष एकतर फळांना दिला जातो, नाहीतर घरच्या दह्याला, आणि पुढच्या वेळी बाजारातली महागडी डबी आणली जाते. माझ्या मते दोष दोघांचाही नाही. हे थर शोभेसाठी आहेत असं आपण धरून चालतो, तिथंच घोटाळा होतो. दह्यातलं पाणी, फळातला रस आणि धान्याचा कोरडेपणा यांना घास तोंडात जाईपर्यंत एकमेकांपासून दूर ठेवणं हे थरांचं खरं काम. हे ध्यानात आलं की दही किती गाळायचं, कोणतं फळ कसं चिरायचं, काय खाली आणि काय वर, या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळत जातात आणि घरातल्या साध्या जिनसांत उत्तम नाश्ता होतो.

सुरुवात दह्यापासून करू, कारण सगळ्यात जास्त पाणी तिथंच दडलेलं असतं. गाईच्या दुधात सुमारे 87 टक्के आणि म्हशीच्या दुधात साधारण 83 टक्के पाणी असतं. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात. आम्लता वाढून पीएच 4.6च्या जवळ पोचला की केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटतात, त्यांची जाळी तयार होते आणि सगळं पाणी त्या जाळीत अडकून राहतं. घट्ट दिसणारं दही म्हणजे जाळीत धरलेलं पाणीच. म्हणून लागलेल्या दह्यातून एक चमचा काढला आणि पातेलं तसंच ठेवलं, की तासाभरात त्या खड्ड्यात हिरवट-पिवळं नितळ पाणी जमतं. चमच्यानं जाळी तुटली आणि पाणी मोकळं झालं, एवढाच त्याचा अर्थ. त्या हिरवट झाकेचं कारण रायबोफ्लेविन, म्हणजे ब गटातलं दुसरं जीवनसत्त्व. ग्लासात थर लावताना आपण हेच करतो, चमच्याचमच्यानं जाळी तोडत जातो. तेव्हा न गाळलेलं दही कितीही चांगलं लागलेलं असलं तरी ग्लासात त्याला पाणी सुटणारच.

जाळी मजबूत व्हावी यासाठी दोन गोष्टी आपल्या हातात असतात आणि दोन्ही दही लागण्याआधीच्या आहेत. पहिली म्हणजे दूध नुसतं उतू जाण्याच्या बेतात आल्यावर गॅस बंद न करता मंद आचेवर आणखी दहा मिनिटं, ढवळत, तापू देणं. 85 ते 90 अंशांच्या उष्णतेत दुधातली दुसरी प्रथिनं उलगडतात, केसीनला जाऊन चिकटतात आणि जाळी अधिक पाणी धरू लागते. दुसरी म्हणजे विरजणाचं प्रमाण. अर्धा लिटर दुधाला एक लहान चमचा पुरतो. लवकर लागावं म्हणून जास्त विरजण घातलं, किंवा लागलेलं दही बाहेरच आंबत ठेवलं, की आम्लता भराभर वाढते, जाळी आक्रसते आणि पाणी बाहेर ढकललं जातं. ऑक्टोबरच्या उकाड्यात तर दही लागल्याबरोबर फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. तीन-चार तास गार झालेलं दही ताज्या कोमट दह्यापेक्षा कितीतरी नीट थरांत बसतं.

एवढं करूनही गाळायचं राहतंच, आणि इथं मराठी स्वयंपाकघराला कुणाकडून काही शिकावं लागत नाही. बाजारात ग्रीक योगर्ट म्हणून जे मिळतं ते गाळलेलं दहीच. श्रीखंडासाठी पंचात दही बांधून टांगणाऱ्या घरांना ती रीत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. फरक इतकाच, की नाश्त्याला पुरता चक्का नको. पाच-सहा तास टांगलेला चक्का फार आटीव असतो, जिभेला चिकटतो आणि त्याचा आंबटपणा साखरेशिवाय सोसत नाही. श्रीखंडात साखर इतकी का लागते याचं अर्धं उत्तर इथं आहे. थरांसाठी दही अर्धवट गाळावं. गाळणीत मलमलचं फडकं अंथरून त्यात दही ओतावं, गाळणी पातेल्यावर ठेवावी आणि सगळं दीड-दोन तास फ्रिजमध्ये राहू द्यावं. वजनात साधारण पाव ते एक तृतीयांश घट होते. चमचा उलटा केला तर दही क्षणभर धरून राहतं आणि मग सावकाश घरंगळतं, इतकंच घट्ट हवं. रात्री गाळत ठेवलं आणि सकाळपर्यंत त्याचा चक्का झाला, तर त्याच्याच पाण्यातले दोन-तीन चमचे परत घालून हलक्या हातानं कालवावं. उरलेलं पाणी फेकू नये. त्यात थोडी प्रथिनं, कॅल्शियम आणि दुधाची साखर असते. थालीपिठाची भाजणी त्यात भिजवली तर हलका आंबूसपणा येतो आणि तो फार छान लागतो.

फळांकडे वळताना गोडी आणि रंग जरा बाजूला ठेवून आधी एकच पाहावं: चिरल्यावर हे फळ रस सोडतं का? या कसोटीवर डाळिंबाला तोड नाही. त्याचा प्रत्येक दाणा आपला रस स्वतःच्या पातळ आवरणात बाळगून असतो आणि दाताखाली आल्याशिवाय थेंबही बाहेर पडत नाही. पेरू आणि चिकू जवळजवळ तितकेच विश्वासू. सीताफळाचा गर बिया काढून घेतला, हे काम चिकाटीचं आहे खरं, तर तो इतका दाट आणि गोड असतो की ग्लासात साखरेचा कणही लागत नाही, आणि दिवाळीच्या सुमारास बाजार सीताफळांनी भरलेला असतो. द्राक्षं अख्खी घालावीत, चिरू नयेत. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी डिसेंबरपासून येऊ लागते. ती चिरून साखर भुरभुरली की साखर रस बाहेर खेचते आणि दहा मिनिटांत वाटीत पाक होतो. तो पाक हवाच असेल तर वेगळा आटवून तळाशी घालावा, नाहीतर फळ आयत्या वेळी चिरावं. सफरचंद आणि केळं काळवंडतात ते हवेतल्या प्राणवायूमुळे, लिंबाचे चार थेंब त्यांना पुरतात. हापूसचा आटीव गर दह्याशी किती जमतो हे आम्रखंडानं केव्हाच दाखवून दिलं आहे. कलिंगड मात्र या कामाला घेऊ नये, त्याला थर ही गोष्ट मानवतच नाही.

अननसाचं प्रकरण वेगळं आणि नीट समजून घेण्यासारखं आहे. दह्यात ताजा अननस घालून ठेवला तर तासाभरात दही पातळ होतं आणि कडवट लागू लागतं. पुष्कळ जण अननस आंबट होता म्हणून दही नासलं असं समजतात. खरं तर अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते प्रथिनं तोडतं, म्हणजे ज्या जाळीनं पाणी धरलं आहे तिच्यावरच घाव घालतं. तुटलेल्या प्रथिनांचे काही तुकडे चवीला कडू असतात. पपईतलं पपेन, किवीतलं ॲक्टिनिडिन आणि अंजिराच्या चिकातलं फिसिन ही त्याच जातीची विकरं. पिकलेल्या पपईत त्यांचा जोर बराच ओसरलेला असतो, तरी पपईही आयत्या वेळीच घालावी. अननसाच्या फोडी मात्र दोन-चार मिनिटं उकळून गार केल्या की ब्रोमेलेन निकामी होतं आणि फळ निर्धास्त वापरता येतं.

तिसरा पक्ष कोरड्याचा. परदेशी पाककृतीत इथं ग्रॅनोला येतो. आपल्याकडे राजगिऱ्याच्या आणि ज्वारीच्या लाह्या, भाजलेले पातळ पोहे, दाणे, सुकं खोबरं असा भरपूर साठा आहे, पण तो सगळा एका मापानं मोजता येत नाही. लाही म्हणजे फुगलेला, पोकळ, स्पंजासारखा दाणा. ओल्या दह्याला टेकताच तो पाणी शोषतो आणि मिनिटाभरात वातड होतो. दाणे, बदाम, भोपळ्याच्या बिया यांत पोकळी नसते आणि स्निग्धांश भरपूर असतो, म्हणून त्या दह्याच्या मधोमधही बराच वेळ टणक राहतात. यातून क्रम ठरतो: मधल्या थरात बिया आणि दाणे, लाह्या फक्त सगळ्यात वर आणि त्याही अगदी शेवटी. लाहीला आणखी टिकवायचं असेल तर राजगिऱ्याची चिक्की जाडसर कुटून घालावी. कडक पाकातल्या गुळाचा लेप लाहीभोवती असतो, त्यामुळे उघड्या लाहीपेक्षा ती ओलाव्याला बराच वेळ दाद देत नाही. तुपावर परतून गूळ लावलेल्या ओटचंही तसंच, आणि विकतच्या ग्रॅनोलातही तेल आणि मध हेच काम करतात.

आता आक्षेप. पहिला हमखास येतो, की हे परकं फॅड आहे. पण दही, धान्य आणि फळ यांचा मेळ आपल्याला नवा कुठे आहे? गोपाळकाल्यात पोहे, लाह्या, दही, डाळिंबाचे दाणे एकत्र येतातच. काल्यात मात्र सगळं मुद्दाम एकमेकांत मुरू दिलं जातं, लाही दह्यात भिजणं हीच त्याची गोडी. स्विस डॉक्टर बिर्खर-बेनर यांनी 1900च्या सुमारास रुग्णांसाठी जी म्यूस्ली तयार केली, तिच्यातही ओट रात्रभर भिजवलेले असत आणि किसलेलं सफरचंद हा तिचा मुख्य भाग होता. म्हणजे भिजवून खाणं आणि कोरडं राखून खाणं या दोन स्वतंत्र रीती आहेत आणि दोन्ही चांगल्या आहेत. बिघडतं ते एकीचा बेत धरून दुसरीसारखं वागल्यावर. शंका अशीही निघते, की वेगळं राखायचं तर तीन वाट्याच का घेऊ नयेत? कारण मऊ, रसाळ आणि कुरकुरीत ही तिन्ही रूपं एकाच घासात भेटणं हीच या पदार्थाची मजा आहे, आणि ती वाट्यांतून मिळत नाही.

दुसरा आक्षेप आयुर्वेदाचा, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. दही आणि फळं विरुद्ध आहेत असं सरसकट म्हटलं जातं. ग्रंथ त्यापेक्षा बारकाईनं बोलतात. चरकसंहितेत आंबट पदार्थ विरुद्ध मानले आहेत ते दुधाशी. दह्याबद्दल तिच्या सूत्रस्थानात सांगितलं आहे की ते रात्री खाऊ नये, गरम करून खाऊ नये आणि तूप, साखर, मुगाचं कढण, मध किंवा आवळा यांच्यावाचून नुसतं खाऊ नये. म्हणजे आवळा हे फळ तर दह्याचा सोबती म्हणून सुचवलेलंच आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात मात्र केळं ताकाशी किंवा दह्याशी खाऊ नये असं स्पष्ट आहे. ज्यांना हे पथ्य पाळायचं आहे त्यांनी केळं वगळावं, सकाळीच खावं आणि तळाशी चमचाभर मोरावळा घालावा. तो चवीलाही सुरेख लागतो. आधुनिक बाजूनं पाहिलं तर दूध आंबट फळानं फाटतं, पण दही आधीच आम्लानं बांधलेलं असतं, त्यामुळे फळाच्या आंबटपणानं ते नव्यानं फाटण्याचा प्रश्न येत नाही. शिवाय दह्यातले जिवंत जिवाणू दुधाची साखर पचवायला मदत करतात, त्यामुळे दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही सोसतं.

साखरेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फळांच्या चवीच्या तयार दह्यात दर 100 ग्रॅमला 10 ग्रॅमच्या आसपास वरची साखर असणं मुळीच दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली वरची साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांखाली, आणि जमल्यास 5 टक्क्यांखाली, म्हणजे प्रौढ माणसाला सुमारे 25 ग्रॅमपर्यंत ठेवायला सांगितलं. दोन डब्यांत ती मर्यादा जवळजवळ गाठली जाते, आणि मुलांना तर आपण हे पौष्टिक म्हणून देतो. घरी ताजं, न आंबलेलं दही अर्धवट गाळून त्यात सीताफळ किंवा चिकू घातला की साखरेची गरजच संपते. पोट भरण्याचं म्हणाल, तर 250 ग्रॅम दह्यातून आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं मिळतात, म्हशीच्या दुधाचं असेल तर थोडी जास्त. त्यात मूठभर दाणे आणि बिया पडल्या की दुपारपर्यंत भुकेची तक्रार राहू नये. सकाळच्या घाईचीही अडचण नाही. दही रात्रीच गाळत ठेवावं, डाळिंब सोलून ठेवावं, म्हणजे सकाळी फक्त थर लावायचे उरतात. ग्लास मात्र उंच, निमुळता घेऊ नये. पसरट आणि बुटका घ्यावा, म्हणजे चमचा वरून थेट तळापर्यंत जातो.

एका ठिकाणी हा नाश्ता खरोखर चालत नाही, ते म्हणजे दुपारचा डबा. लाह्या वेगळ्या पुडीत दिल्या तरी लोकलच्या गर्दीत आणि उन्हात तीन-चार तास हिंदकळलेलं दही पाणी सोडणार आणि आंबणारही. कार्यालयात फ्रिज नसेल तर डब्यात दहीपोहेच न्यावेत. तेही दही डब्यात न घालता, दुधात कालवून वर नावापुरतं विरजण लावून न्यावेत, म्हणजे जेवायच्या वेळेपर्यंत ते हवे तितकेच लागतात.