माँ ब्लाँची उलटी प्रदक्षिणा

ऑगस्टअखेरीच्या एका शुक्रवारी संध्याकाळी फ्रान्समधल्या शामोनी गावातून अडीच हजारांच्या आसपास माणसं पळत सुटतात. सुमारे ४,८०० मीटर उंचीचा माँ ब्लाँ डाव्या हाताला ठेवून ती इटलीत उतरतात, तिथून स्वित्झर्लंडमध्ये शिरतात आणि वळसा पुरा करून पुन्हा शामोनीत येतात. अंतर सुमारे १७१ किलोमीटर, एकूण चढ सुमारे १०,००० मीटर आणि मुदत साडेशेहेचाळीस तास. ‘अल्ट्रा-ट्रेल द्यू माँ ब्लाँ’, म्हणजेच ‘यूटीएमबी’, २००३ साली सुरू झाली. त्या पहिल्या वर्षी सुमारे सातशे जण निघाले, हवा बिघडली आणि शेवटपर्यंत पोहोचले ६७. पहिला आला तो नेपाळचा दावा शेर्पा.

आधी वेगाचा हिशोब करू. २०२३ साली अमेरिकेच्या जिम वॉम्सलीने ही शर्यत १९ तास ३७ मिनिटांत जिंकली. म्हणजे सरासरी ताशी पावणेनऊ किलोमीटरच्या आतबाहेर. पाच तासांत मॅरेथॉन संपवणाऱ्या हौशी धावपटूचा वेगही जवळपास एवढाच असतो. मुदतीच्या काठावर पोहोचणाऱ्याचा सरासरी वेग तर ताशी पावणेचार किलोमीटरही भरत नाही. बाजारात भाजी आणायला आपण याहून झपाझप जातो. तरीही निघालेल्यांपैकी दर तिघांतला साधारण एक जण वाटेत थांबतो. कारण डोंगरात नुसत्या किलोमीटरवरून काही कळत नाही. या खेळात शंभर मीटरचा चढ एक किलोमीटर अंतराबरोबर धरायची पद्धत आहे. तसा हिशोब केला तर १७१ मध्ये आणखी १०० मिळवावे लागतात. ही शर्यत २७१ किलोमीटरची होते.

यातला मोठा भाग चालण्याचा असतो. चढ फार तीव्र झाला की पळण्यात ताकद वाया जाते. शरीर दर पावलाला उगाच वर उचललं जातं आणि पुढे सरकतं फार थोडं. म्हणून अव्वल धावपटूही अशा ठिकाणी हातातल्या काठ्या रोवत, पुढे झुकून भराभर चालतात. इटलीतल्या आर्नूव्हाहून ग्रां कोल फेरे या २,५३७ मीटर उंचीच्या खिंडीकडे जाणारी वाट पाहा. साडेचार किलोमीटरच्या आसपास अंतरात सुमारे ७७० मीटर चढायचं. वेल्ह्यातून तोरण्याचा माथा गाठावा तेवढा हा चढ, आणि तो येतो शंभर किलोमीटर तुडवून झाल्यावर. एवढ्या उंचीवर दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे पाऊणपट असतो. जाणते धावपटू इथे एक साधी कसोटी लावतात: चढताना एखादं पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दम लागून ते तुटायला लागलं की पाऊल आखडतं घ्यायचं.

नवख्यांना चढाची धास्ती असते, पण पायांचा खरा निकाल लागतो तो उतारावर. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचे पुढचे स्नायू ब्रेकचं काम करतात. ताणले जात असतानाच त्यांना शरीराचा भार झेलावा लागतो. अशा कामात स्नायूतंतूंना बारीक इजा होते, मांड्या भरून येतात आणि नंतर साधा उतारही सोसवत नाही. यावर उपाय एकच, आधी उतरण्याचा सराव. उतारावर एकदा चांगलं पळून मांड्या दुखल्या की पुढचे काही आठवडे तेच स्नायू तसल्या माराला कमी दाद देतात. उतरायची रीतही ठरलेली आहे. पावलं छोटी आणि भरभर टाकायची, अंग मागे टाकायचं नाही आणि नजर पायाशी न ठेवता चार-पाच पावलं पुढे ठेवायची. घसाऱ्यावर टाच रोवून थांबायला गेलं की माणूस हमखास घसरतो.

यानंतर पोट. शरीरात साठलेली साखर काही तासांतच संपत येते. चरबी भरपूर असते, पण तिच्यातून ऊर्जा सावकाश मिळते. त्यामुळे तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावी लागतात. गंमत अशी की रक्त पायांकडे वळलेलं असल्याने पोट ते घ्यायला कुरकुरतं. मळमळ, उलटी ही शर्यत सोडण्याची नेहमीची कारणं आहेत. म्हणून पळता पळता खाण्याचा सरावही महिनोन् महिने करावा लागतो. भूक लागायची वाट पाहिली, तर उशीर झालेला असतो.

हवेचं गणित वेगळं. हजार मीटर वर गेलं की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं. खाली दरीत गारवा सुखद वाटत असतो, तेव्हा खिंडीत ओल्या कपड्यांतून वारा शिरत असतो. २०१० साली खराब हवेमुळे ही शर्यत थांबवावी लागली आणि २०१२ साली तिचा मार्ग छोटा करावा लागला. टोपीचं जलरोधक जाकीट, दोन हेडलॅम्प, अंगाभोवती गुंडाळायचं चकचकीत संकटकालीन आवरण, शिट्टी, पाणी आणि खाऊ हे सामान प्रत्येकाच्या पाठीवर सक्तीने असतं. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतातल्या एका शंभर किलोमीटरच्या शर्यतीत अचानक गारपीट आणि वादळ आलं. गारठून २१ धावपटू दगावले. पाठीवरच्या त्या सामानाचं महत्त्व यावरून कळावं.

सर्वांत शेवटी घड्याळ. वाटेतल्या ठाण्यांवर वेळेच्या मर्यादा असतात. मर्यादा चुकली की शर्यत तिथेच संपते. निम्मं अंतर सरत आलं की कुरमायर लागतं. आधीच पाठवलेली कपड्यांची पिशवी तिथे मिळते, गरम जेवण मिळतं. खुर्चीत बसलेल्या कित्येकांना तिथून उठवत नाही. बहुतेकांना दुसरी रात्रही वाटेतच काढावी लागते. मग दहा-वीस मिनिटांची डुलकी मोठा आधार ठरते.

सिंहगड–राजगड–तोरणा वाटेवर आता आपल्याकडेही शर्यत होते आणि डोंगरात पळणाऱ्यांची संख्या वाढते आहे. तुम्हालाही हा नाद लागला असेल, तर किलोमीटर मोजण्याआधी चढाचे मीटर मोजा, चढण्याइतकंच उतरणं शिका आणि आभाळ कितीही निरभ्र दिसलं तरी जाकीट आणि दुसरा दिवा घरी ठेवू नका.