चोवीस कप्प्यांचा क्लिपबोर्ड

एक परिच्छेद कॉपी केलात. तो पेस्ट करायच्या आधीच दुसरी एक ओळ दिसली, तीही कॉपी केलीत. पहिला परिच्छेद कुठे गेला? गेलाच! नवं आलं की जुनं पुसलं जातं, हा क्लिपबोर्डचा नियम आपल्या अंगवळणी पडला आहे. त्यामुळे दहा उतारे हलवायचे असले की आपण मुकाट्याने दहा वेळा वर जातो आणि दहा वेळा खाली येतो. पण मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये हे हेलपाटे घालायची गरजच नाही, हे किती जणांना ठाऊक आहे?

एखादी लांबलचक फाइल उघडा. एक वाक्य सिलेक्ट करा आणि कंट्रोल दाबून एफ३ दाबा. (लॅपटॉपवर कधी कधी सोबत एफएन हे बटणही दाबावं लागतं.) वाक्य नाहीसं झालं ना? घाबरू नका. खाली जा, दुसरं वाक्य घ्या, पुन्हा तेच करा. मग तिसरं, चौथं, हवी तेवढी. आता जिथे हवं तिथे कर्सर ठेवा आणि कंट्रोल, शिफ्ट, एफ३ एकत्र दाबा. सगळी वाक्यं ज्या क्रमाने उचललीत त्याच क्रमाने, एकाखाली एक, येऊन उभी राहतात!

या सोयीचं नाव ‘स्पाइक’. जुन्या दुकानांत गल्ल्याशेजारी एक उभी टोकदार तार असायची, आठवते? आलेलं प्रत्येक बिल तिच्यात टोचलं जायचं. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतही अशीच तार असे. वर्डने ती तार उचलून थेट कीबोर्डमागे बसवली. आणि आपला नेहमीचा क्लिपबोर्ड? त्याला याचा पत्ताही नसतो. तुम्ही आधी कॉपी केलेला मजकूर तिथे जसाच्या तसा शाबूत राहतो.

याहून मोठी करामत पुढे आहे. स्पाइक मजकूर कापून नेतो, पण समजा तुम्हाला तो मूळ जागीही हवा आहे. मग कंट्रोल-एफ३ नंतर लगेच कंट्रोल-झेड दाबा. मजकूर पानावर परत येतो आणि स्पाइकमध्येही राहतो! पानावरची कृती मागे फिरली, तारेला टोचलेला कागद मात्र निघाला नाही.

मुळात कापा, उचला, चिकटवा ही कल्पना पडद्यावर आली कशी? १९७०च्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो होता गिन अँड कंपनी या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकांकडच्या संपादकांसाठी. संपादक तेव्हा खरोखरची कात्री आणि खरोखरचा गोंद वापरत. कॉम्प्युटरने माणसाच्या सवयीशी जुळवून घ्यावं, हा टेस्लर यांचा ध्यास होता. मला वाटतं, कॉम्प्युटरच्या क्षेत्रातल्या फार थोड्या कल्पना इतक्या निखळ माणुसकीच्या आहेत.

बरं, पुन्हा वर्डकडे. स्पाइकसारखं सगळं एकदम नको, निवडक हवं असेल तर? होम टॅबवर क्लिपबोर्ड असं लिहिलेल्या चौकटीच्या कोपऱ्यात एक चिमुकला बाण असतो. तो दाबा. डाव्या बाजूला एक पट्टी उघडते आणि तुम्ही कॉपी केलेली प्रत्येक गोष्ट तिच्यात जमू लागते. एक्सेलमधला तक्ता, पॉवरपॉइंटमधलं चित्र, वर्डमधला परिच्छेद, प्रत्येकाची छोटीशी झलक दिसते. हवं त्यावर क्लिक करा, नाहीतर ‘पेस्ट ऑल’ दाबून सगळं एका दमात ओता. या पट्टीत २४ गोष्टी मावतात. पंचविसावी आली की सर्वांत जुनी बाहेर पडते.

आणि एकेक ‘गोष्ट’ म्हणजे तरी काय? तुम्ही एक वाक्य कॉपी करता, पण क्लिपबोर्डवर त्याची अनेक रूपं जातात: एक नुसत्या अक्षरांचं, एक फाँट-रंगासह, एक वेबपानाला समजेल असं. पेस्ट करताना समोरचा प्रोग्रॅम आपल्याला झेपेल ते रूप उचलतो. म्हणून तर तेच वाक्य वर्डमध्ये ठळक आणि तांबडं उमटतं, नोटपॅडमध्ये साधं. युनिकोडच्या आधीच्या फाँटमधला मराठी मजकूर नोटपॅडमध्ये टाकला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा का दिसतो, याचंही उत्तर इथेच आहे. नुसत्या अक्षरांच्या रूपात फाँटचं नाव जात नाही आणि त्या मजकुराचं मराठीपण सगळं फाँटमध्येच असतं!

अनेक गोष्टी साठवायची ही सोय वर्डपुरतीच आहे असंही नाही. विंडोज १० मध्ये २०१८ साली क्लिपबोर्ड हिस्टरी आली. विंडोजचं बटण आणि व्ही दाबा, ती एकदा सुरू करा, की कुठल्याही प्रोग्रॅममधल्या शेवटच्या २५ गोष्टी हाताशी राहतात. नेहमी लागणारा पत्ता पिन करून ठेवलात, तर कॉम्प्युटर बंद करून चालू केल्यावरही तो तिथेच सापडतो. फक्त एक लक्षात ठेवा: कॉपी केलेला पासवर्डही या यादीत दिसू शकतो. कॉम्प्युटर चारचौघांचा असेल, तर उठण्यापूर्वी ही यादी पुसून टाका.