विंडोज पुन्हा टाकायचंय, पण फोटो-फाइली जायला नकोत? मग हे आधी वाचा

मोबाइल हँग व्हायला लागला की आपण सरळ फॅक्टरी रिसेट मारतो. कॉन्टॅक्ट गूगलवर असतात, चॅटचा बॅकअप असतो, त्यामुळे फार काही अडत नाही. फोटोंचं मात्र वेगळं असतं. मोबाइल फुल झाला की बरेच जण फोटो लॅपटॉपमध्ये टाकतात आणि मोबाइलमधून डिलीट करतात. म्हणजे त्या फोटोंची एकच कॉपी उरते, आणि ती लॅपटॉपमध्ये. आता तोच लॅपटॉप बिघडला तर?

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेचं उदाहरण घेऊ. इथे आर्वी रोडला बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. समजा, इथेच खोली करून राहणाऱ्या एका विद्यार्थ्याचा लॅपटॉप नेमका प्रोजेक्ट सबमिशनच्या आठवड्यात बंद पडला. तो दुकानात जाऊन म्हणतो, "भाऊ, नवीन विंडोज टाकून द्या ना." दुकानदार विचारतो, "सी ड्राइव्हमध्ये काही कामाचं आहे का?" पोरगा म्हणतो, "नाही, सगळं डेस्कटॉपवर आहे."

इथेच घात होतो. कारण डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो!

फाइली नेमक्या असतात कुठे?

डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे सगळे फोल्डर सी ड्राइव्हमधल्या 'यूजर्स' फोल्डरमध्ये, तुमच्या नावाखाली असतात. सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला की हे सगळं गेलं. "डी ड्राइव्ह आहे ना" असंही अनेक जण म्हणतात. पण आजकाल बऱ्याच नव्या लॅपटॉपला एकच ड्राइव्ह असतो. धिस पीसी उघडून एकदा स्वतः बघून घ्या.

चांगली गोष्ट अशी की विंडोज पुन्हा टाकायचं म्हणजे दरवेळी फॉरमॅटच मारावं लागतं असं नाही.

विंडोज पुन्हा टाकायचे तीन रस्ते

१. रिपेअर इन्स्टॉल: लॅपटॉप चालू होतोय, पण त्रास देतोय, तेव्हा हा रस्ता सगळ्यात चांगला. मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवरून विंडोजची आयएसओ फाइल डाउनलोड करा, डबल क्लिक करून उघडा आणि आतली 'सेटअप' फाइल चालवा. शेवटी 'कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स' निवडलेलं आहे ना, ते तपासा. फाइली राहतात, सॉफ्टवेअरही राहतात. मात्र हे चालू विंडोजच्या आतूनच करायचं. पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला तर हा पर्याय मिळत नाही.

२. रिसेट धिस पीसी: विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग रिकव्हरी. इथे दोन पर्याय येतात: 'कीप माय फाइल्स' आणि 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. आपल्याला पहिला हवा. दुसरा म्हणजे मोबाइलचा फॅक्टरी रिसेट.

३. क्लीन इन्स्टॉल: पेन ड्राइव्हवरून सगळं नव्याने. दुकानात बहुतेक वेळा हेच करतात, कारण ते लवकर होतं. यात फाइली वाचवायची जबाबदारी पूर्ण तुमची.

'कीप माय फाइल्स' केलं तरी काय जातं?

हे खूप कमी जणांना माहीत असतं. या पर्यायात तुमचे फोटो आणि डॉक्युमेंट राहतात, पण सॉफ्टवेअर उडतात. त्यासोबत या गोष्टीही जातात:

- ब्राउझरमधले बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड, जर गूगल अकाउंटशी सिंक नसतील तर. ते 'अ‍ॅपडेटा' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतात, आणि तो फोल्डर वाचत नाही.
- 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये काही सेव्ह केलं असेल तर तेही. काही जुने सॉफ्टवेअर आपला डेटा तिथेच ठेवतात.
- तुम्ही टाकलेले फॉन्ट. मराठी टायपिंग करणाऱ्यांनी इकडे नीट लक्ष द्या. कृतीदेव किंवा श्रीलिपीमध्ये टाइप केलेली फाइल नव्या विंडोजमध्ये उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल गेलेली नसते, फक्त फॉन्ट गेलेला असतो. तो पुन्हा टाकला की मजकूर परत दिसतो. त्यामुळे फॉन्टच्या फाइली आधीच कॉपी करून ठेवा. युनिकोडमध्ये टाइप केलं असेल तर ही भानगडच नाही.

सुरू करण्याआधी एवढं कराच

१. यूजर्समधला तुमच्या नावाचा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर कॉपी करा. कॉपी झाल्यावर चार-पाच फोटो आणि प्रोजेक्टची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडली तरच बॅकअप झाला म्हणायचं.

२. फाइलवर ढगाचं चिन्ह दिसतंय का? मग ती वनड्राइव्हवर आहे, लॅपटॉपवर नाही. ती आधी डाउनलोड करून घ्या किंवा अकाउंटचा पासवर्ड आठवतोय याची खात्री करा. वनड्राइव्हवर फुकटात ५ जीबीच मिळतात, त्यामुळे सगळे फोटो तिथे गेलेच असतील असं धरून चालू नका.

३. बिटलॉकरची रिकव्हरी की शोधून ठेवा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप लॉक केलेली असते. काही गडबड झाली की स्क्रीनवर ४८ अंकी की मागितली जाते. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते. मोबाइलवर लॉगिन करून ती आत्ताच कागदावर लिहून घ्या. ही की नसेल तर दुकानदार काय, कंपनीसुद्धा फाइली उघडून देऊ शकत नाही.

४. चार्जर लावा आणि बॅटरीही फुल ठेवा. आपल्याकडे वादळ-पाऊस आला की लाइट जाते, आणि अर्ध्यावर बंद पडलेलं इन्स्टॉलेशन निस्तरणं कठीण जातं.

५. डेटा पॅक बघा. रिसेट करताना 'क्लाउड डाउनलोड' निवडलं तर ४ जीबीच्या वर डेटा लागू शकतो. मोबाइल हॉटस्पॉटवर असाल आणि रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर तो मध्येच संपेल. अशा वेळी 'लोकल रिइन्स्टॉल' निवडा. त्याला डाउनलोड लागत नाही.

विंडोज उघडतच नसेल तर?

घाबरू नका. विंडोज उघडलं नाही याचा अर्थ फाइली गेल्या असा होत नाही. लोगो दिसला की पॉवर बटण दाबून धरा आणि लॅपटॉप बंद करा. असं दोन-तीनदा केलं की निळी रिकव्हरी स्क्रीन येते. तिथेही ट्रबलशूटमध्ये 'रिसेट धिस पीसी' आणि 'कीप माय फाइल्स' मिळतं.

पण बॅकअप नसेल तर त्याआधी एक काम करा. मित्राच्या लॅपटॉपवर उबुंटूचा बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवा, त्यावरून आपला लॅपटॉप सुरू करा आणि 'ट्राय उबुंटू' निवडा. काहीही इन्स्टॉल न करता तुमची डिस्क उघडता येते आणि फाइली दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करता येतात. डिस्क लॉक असेल तर इथेही तीच ४८ अंकी की लागते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र प्रयोग थांबवा. ती हार्डवेअरची बिघाडी आहे.

क्लीन इन्स्टॉल करावंच लागलं तर

सेटअपमध्ये सी, डी अशी नावं दिसत नाहीत. 'ड्राइव्ह ० पार्टिशन ३' असं काहीतरी दिसतं. बहुतेक चुका इथेच होतात, भलतंच पार्टिशन डिलीट होतं. म्हणून प्रत्येक ड्राइव्ह किती जीबीचा आहे ते आधीच लिहून ठेवा आणि साइज जुळवून निवडा. जुन्या विंडोजच्या पार्टिशनवर फॉरमॅट न करता इन्स्टॉल केलं तर जुना माल 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डरमध्ये जातो. तो कायम राहत नाही, विंडोज काही दिवसांनी तो स्वतःच काढून टाकतं. त्यामुळे लगेच फाइली बाहेर काढा.

चुकून फॉरमॅट झालंच, तर लॅपटॉप वापरणं तिथल्या तिथे थांबवा. नवीन काही टाकलं की जुन्यावर लिहिलं जातं. एसएसडी असेल तर डेटा परत मिळायची आशा फारच कमी असते.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपलाय, त्यामुळे अनेकांना विंडोज ११ कडे जायचंय. तेव्हाही हेच नियम लागू आहेत. आणि दुकानात लॅपटॉप देताना "सी मध्ये काही नाही" असं म्हणू नका. "भाऊ, यूजर्स फोल्डरचा बॅकअप घेऊन मगच फॉरमॅट मारा" असं सांगा, आणि बॅकअप डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका.