शेवटच्या मोटरीपर्यंत व्होल्टेज का पोहोचत नाही?

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात उन्हाळ्यात एक तक्रार हमखास ऐकू येते: डीपीजवळच्या मोटरी झकास चालतात, आमची नुसती घरघरते. डीपी तीच, तारही तीच. मग किलोमीटरभर येता येता विजेचं होतं तरी काय?

ठिबकची नळी बघा. सुरुवातीचे ड्रिपर जोरात, टोकाचे मंद, कारण पाणी पुढे ढकलण्यातच दाब खर्ची पडतो. व्होल्टेज म्हणजे हा दाब, करंट म्हणजे वाहणारं पाणी आणि रेझिस्टन्स म्हणजे नळीची अडवणूक. कोलोनला शाळेत शिकवणाऱ्या गेऑर्ग ओहमनं १८२७ साली या तिघांचं नातं छापून मांडलं: करंटला रेझिस्टन्सनं गुणा, व्होल्टेज हातात. इतकं साधं! आणि खानदेशातल्या खांबाखांबावर ते आजही चालतं.

हिशोबच करू. किलोमीटरभर तारेचा रेझिस्टन्स धरा १ ओहम. पाच एचपीची मोटर दर फेजला ७-८ अँपिअर ओढते. टोकाला अशा चार चालू असल्या तर ३० अँपिअर, म्हणजे ३० व्होल्ट वाटेतच गेले. दहा चालू झाल्या तर ७५! फेजला २४० होते, उरले १६५.

खरी गंमत पुढेच आहे. व्होल्टेज घटलं की साधा पिवळा बल्ब मंदावतो आणि करंटही कमी घेतो. मोटर मात्र हट्टी. विहिरीतलं पाणी तिला वर चढवायचंच असतं, म्हणून दाब कमी पडला की ती करंट जास्त ओढते. त्यानं तारेत आणखी व्होल्ट पडतात, मग ती आणखी ओढते! त्यात उष्णता वाढते करंटच्या वर्गानं: करंट दीडपट, तर उष्णता सव्वादोन पट. वाइंडिंगवरचं वार्निश करपल्याचा वास शेतकऱ्याला सांगावा लागत नाही.

तार जाड करणं हा एक उपाय. पण त्याहून भन्नाट म्हणजे दाबच वाढवणं. २०१८ मध्ये राज्यात आलेल्या 'एचव्हीडीएस' योजनेत ११ हजार व्होल्टची लाइन शेतापर्यंत नेऊन एक-दोन पंपांमागे छोटी डीपी दिली. दोन फेजमधल्या ४१५ च्या जागी ११ हजार! तेवढ्याच कामाला करंट सव्वीस पट कमी. आणि तारेतली नासाडी? त्याच तारेत जवळजवळ सातशे पट कमी!

भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्रात हाच डाव अवाढव्य होतो. ५०० मेगावॉटच्या संचातून निघतो सोळा हजार अँपिअरच्या आसपास करंट. ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज ४ लाखांवर नेलं, की तोच उरतो जेमतेम साडेआठशे.

धुळ्याचं उपकेंद्र तर ७ लाख ६५ हजार व्होल्टचं. मग वाढवतच का नाही जायचं? कारण आता तारेऐवजी हवा आडवी येते. एवढ्या दाबाला तारेलगतची हवाच फुटू लागते. दमट दिवशी लाइनखाली उभं राहिलं तर तिची चरचर ऐकू येते. तार जितकी बारीक, तितकी हवा लवकर फुटते. म्हणून त्या लाइनवर एकेका फेजला चार-सहा तारांचा जुडगा दिसतो. तारांमध्ये हातभर मोकळी जागा असते, तरी भोवतालच्या हवेला तो सगळा जुडगा एकच जाडजूड तार भासतो!